एक तिकीट जास्तीचे आहे

२२ सप्टेंबर २०२४ हा रविवार होता, आणि त्या दिवशी दुपारी बारा वाजण्याच्या पुष्कळ आधीपासून आमच्या घरातील चार माणसे चार निरनिराळ्या यंत्रांसमोर, ग्रहणाच्या स्पर्शकालाची वाट पाहावी तशी, एकाग्र होऊन बसली होती. कोल्डप्ले या इंग्रज वाद्यवृंदाचे कार्यक्रम पुढील जानेवारीच्या १८ आणि १९ तारखांना नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर व्हावयाचे होते, त्यांची तिकिटे बुकमायशोमार्फत बाराच्या ठोक्याला विक्रीस निघणार होती, आणि शाळेत असल्यापासून या मंडळींची गाणी तोंडपाठ असलेल्या माझ्या पुतणीने घरातील प्रत्येकास रांगेत उभे राहण्याची कामगिरी वाटून दिली होती. बारा वाजले, पडद्यावर रांगेतील आमचे क्रमांक उमटले, आणि त्या चारांपैकी सर्वांत लहान क्रमांकही कित्येक लाखांचा निघाला. २१ तारखेचा तिसरा कार्यक्रम त्याच दिवशी जाहीर झाला, आणि तोही बघता बघता भरून गेला. तिकिटांचे अधिकृत दर अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत होते. परंतु विक्री आटोपते न आटोपते तोच परदेशी पुनर्विक्रीच्या काही संकेतस्थळांवर तीच आसने कित्येक पट किमतीला, आणि काही ठिकाणी तर लाखांच्या घरात, मांडलेली दिसू लागली.

त्यानंतर जो क्षोभ उसळला तो वाचकांच्या स्मरणात असेलच. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे फिर्याद गेली, बुकमायशोच्या प्रमुखांना चौकशीसाठी हजर राहण्याची समन्से निघाली, ऑक्टोबरात सक्तवसुली संचालनालयाने ठिकठिकाणी झडत्या घेतल्या, आणि त्या परदेशी संकेतस्थळांशी आपला कसलाही संबंध नसल्याचे बुकमायशोने जाहीर केले. मुंबई उच्च न्यायालयापुढे जी जनहित याचिका आली होती, ती जानेवारी २०२५ मध्ये, कार्यक्रमाला अवघे काही दिवस उरले असताना, फेटाळली गेली. कारण या विषयाचे नियम घालून देणे हे धोरणाचे, म्हणजे कायदेमंडळाचे काम आहे, असे न्यायालयाचे मत पडले. खाजगी करमणुकीच्या तिकिटांची चढ्या दराने होणारी पुनर्विक्री रोखणारा, संपूर्ण देशाला लागू असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे अद्याप नाही.

परंतु या कहाणीची दुसरी बाजू वृत्तपत्रांत फारशी आली नाही, आणि माझे लक्ष तिच्याकडे गेले ते त्याच हिवाळ्यात एका निराळ्या कार्यक्रमाच्या निमित्ताने. आमच्या शेजारी राहणाऱ्या एका गृहस्थांनी आपल्या कुटुंबाकरिता चार तिकिटे काढली होती. त्यांपैकी दोघांचे जाणे मुलाच्या परीक्षेमुळे रहित झाले, आणि दोन तिकिटे हातात उरली. घेतलेल्या जागी चौकशी केली तर ‘विकलेले तिकीट परत घेतले जाणार नाही’ असे ठरावीक उत्तर मिळाले. मग त्यांनी, सर्वत्र चाललेल्या चढ्या भावांच्या गोष्टी ऐकून, ती दोन तिकिटे दीडपट दराने विकावयास काढली, आठवडाभर गिऱ्हाइकाची वाट पाहिली, शेवटच्या तीन दिवसांत मूळ दरावर, आणि मग निम्म्यावर आले, आणि कार्यक्रमाच्या संध्याकाळी सात वाजता भ्रमणध्वनी पालथा घालून, ‘आता कुणी फुकटही घेणार नाही’ असे म्हणून ते गप्प बसले. त्याच वेळी त्या मैदानाच्या दाराशी तिकीट न मिळालेली किती तरी तरुण मंडळी उभी असणार. दोन खुर्च्या रिकाम्या, आणि त्या खुर्च्यांसाठी तळमळणारी माणसे दाराबाहेर! काळाबाजार आणि रिकामी खुर्ची हे दोन वेगळे आजार नसून एकाच आजाराची ही दोन लक्षणे आहेत, असे मला त्या दिवसापासून वाटत आले आहे.

तिकीट हा जगातील अत्यंत नाशवंत माल होय. मंडईतील कोथिंबिरीची जुडी दिवेलागणीला निम्म्या भावात जाते, पण रात्री ती निदान गाईच्या मुखी तरी लागते. तिकिटाचे तसे नाही. पडदा वर जाण्याच्या क्षणापर्यंत त्याला मोल असते, आणि त्यानंतर त्या कागदाची, अथवा पडद्यावरील क्यूआर कोडच्या त्या काळ्यापांढऱ्या चौकटीची, किंमत शून्य होते. शिवाय हा मालही खरे पाहता माल नव्हे. अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक आसनावर बसू देऊ, असे ते आयोजकाने दिलेले वचन असते. आणि वचन हस्तांतरित करता येते की नाही, आले तर कोणत्या शर्तींवर, हे वचन देणाराच ठरवीत असल्यामुळे, आपण पैसे मोजून घेतलेली वस्तू आपलीच असूनही पूर्णपणे आपली नसते, असा विचित्र प्रकार येथे उद्भवतो.

तिकिटांचा काळाबाजार मुंबईला नवा नाही. १९६० साली आलेल्या ‘काला बाजार’ या चित्रपटाचा नायक, म्हणजे देव आनंद, हा चित्रपटगृहाबाहेर तिकिटे ‘ब्लॅक’ने विकणारा दाखविला आहे, आणि त्यात लिबर्टी चित्रपटगृहातील ‘मदर इंडिया’च्या १९५७ मधील पहिल्या खेळाची खरीखुरी दृश्ये गुंफलेली आहेत. त्या काळचा ब्लॅकवाला हा डोळ्यांना दिसणारा इसम होता. पाचाचे दहा, दहाचे वीस, असे तो ओठांतल्या ओठांत पुटपुटत गर्दीतून फिरे. त्याच्याजवळ फार तर पन्नास-शंभर तिकिटे असत, आणि खेळ सुरू होऊन पंधरा मिनिटे झाली की हातातील उरलेली तिकिटे तो पडेल त्या भावाने विकून टाकी. कारण नाशवंत मालाचा धर्म त्याला पुस्तकावाचून कळलेला होता. त्याच्या धंद्याचे समर्थन मी करीत नाही. परंतु त्याच्या हातात तिकीट खरोखर असे, आणि घेणारा ते डोळ्यांनी पाहून, उजेडाकडे धरून, खात्री करून घेऊ शकत असे, एवढे मान्य केले पाहिजे.

महाजालाने हे सर्व पालटले. अमेरिकेत २००० साली एरिक बेकर आणि जेफ फ्लूर या दोघांनी स्टबहब ही पुनर्विक्रीची पेढी काढली; ती २००७ मध्ये ईबेने विकत घेतली; तत्पूर्वीच तेथून बाहेर पडलेल्या बेकर यांनी लंडनमध्ये २००६ साली वियागोगो ही दुसरी पेढी उभारली, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच वियागोगोने चार अब्ज डॉलरांहून अधिक किंमत देऊन स्टबहब परत आपल्याकडे घेतली; त्यानंतर थोड्याच आठवड्यांत महासाथीमुळे जगातील झाडून सारे रंगमंच आणि मैदाने बंद पडली. या पेढ्या स्वतः तिकिटे विकत नाहीत. त्या अडत्याचे काम करतात. विकणाऱ्याने आपले तिकीट आपल्या किमतीला मांडावे, घेणाऱ्याने ते घ्यावे, आणि पेढीने दोघांकडून आपली आडत वसूल करावी, अशी ही व्यवस्था आहे; विकणाऱ्याच्या हाती पैसे बहुधा कार्यक्रम पार पडल्यानंतरच पडतात, म्हणजे तिकीट खोटे निघाल्यास पेढीला हात आखडता घेता यावा.

ही रचना वरवर पाहता निर्दोष वाटते, आणि परीक्षेमुळे जाणे रहित झालेल्या कुटुंबाकरिता ती खरोखर उपयोगीही ठरू शकते. दोष शिरतो तो निराळ्या वाटांनी. पहिली वाट यंत्रांची: माणसाने नाव-पत्ता भरेपर्यंत शेकडो आसने उचलणाऱ्या आज्ञावली धंदेवाईक लोक वापरतात, आणि अमेरिकेला त्यांच्याविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला; तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये गायिका टेलर स्विफ्ट हिच्या दौऱ्याच्या पूर्वविक्रीत टिकेटमास्टरची यंत्रणा मागणीच्या आणि अशाच आज्ञावलींच्या लोंढ्याखाली कोलमडली, ती कोलमडलीच. दुसरी वाट याहून वाईट आहे, आणि ती म्हणजे हाती नसलेले तिकीट विकणे. विक्रेता आधी चढ्या दराने आसन मांडतो, गिऱ्हाईक सापडले की मग ते स्वस्तात कोठे मिळते का ते शोधतो, आणि न मिळाल्यास गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडतो. इंग्लंडमध्ये लीड्सच्या न्यायालयाने २०२० मध्ये दोन पुनर्विक्रेत्यांना फसवणुकीबद्दल कारावासाची शिक्षा ठोठावली, तेव्हा खोट्या नावांनी तिकिटे उचलणे आणि हाती नसलेली तिकिटे विकावयास मांडणे हे दोन्ही प्रकार त्या खटल्यात उघडकीस आले होते.

आपल्याकडे मात्र सामान्य माणसाची गाठ या मोठ्या पेढ्यांपेक्षा अधिक वेळा पडते ती गटागटांतून फिरणाऱ्या अनोळखी संदेशांशी. माझ्या पुतणीच्या मैत्रिणीने अशाच एका संदेशावरून मुंबईतील एका जलशाचे तिकीट घेतले. विकणाऱ्याने गोड शब्दांत आपली अडचण सांगितली, पैसे आधी मागितले, आणि तिकिटावरील चौकटीचे चित्र पाठवून दिले. दारावरच्या मुलाने हातातील यंत्र त्या चित्रावर धरले, लाल दिवा लागला, त्याने पुन्हा धरले, पुन्हा लाल. मग त्याने ते यंत्र वळवून तिच्यापुढे केले, आणि त्या इवल्याशा पडद्यावर, हे तिकीट सहा वाजून बारा मिनिटांनी आत गेले आहे, असे लिहिलेले तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाचले. त्या वेळी सात वाजून गेले होते. एकाच चित्राच्या प्रती त्या इसमाने किती जणांना विकल्या होत्या हे कळण्यास मार्ग नव्हता. मागे रांगेत उभे असलेले लोक ‘जरा बाजूला व्हा’ म्हणत होते, आणि आतून वाद्यांचा पहिला आघात ऐकू येत होता. ती मुलगी लोकलने परत आली, आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

या प्रसंगातून घेणाऱ्याने जे शिकावयाचे तेच देणाऱ्यानेही शिकावयाचे आहे, म्हणून ते येथे स्पष्ट सांगतो. चौकटीचे चित्र म्हणजे तिकीट नव्हे. ते ज्यांच्याजवळ जाईल त्यांपैकी जो आधी पोहोचेल तो आत जातो. सबब विकणाऱ्याने ते कुणालाही, अगदी ‘खरे आहे ना ते पाहू द्या’ म्हणणाऱ्यालाही, पाठवू नये, आणि तिकीट हाती आल्याच्या आनंदात समाजमाध्यमांवर त्याचे छायाचित्र तर मुळीच झळकवू नये. खरे हस्तांतरण एकच: ज्या ठिकाणी तिकीट घेतले त्याच ठिकाणच्या ॲपमधून ते एका नावावरून दुसऱ्या नावावर जाणे, ज्यायोगे जुनी चौकट बाद होऊन नवी तयार होते. पैशांच्या बाबतीतही एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, की यूपीआयवर पैसे घेण्यासाठी आपला पिन कधीही टाकावा लागत नाही. ‘पैसे पाठवतो, फक्त हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असे जो म्हणतो तो पैसे देत नसून नेत असतो. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. येथे तासांना महत्त्व असते.

आता न विकल्या गेलेल्या तिकिटाकडे वळतो, कारण माझ्या शेजाऱ्यांची चूक ही आपल्या सर्वांची चूक आहे. आपल्या हातातील वस्तूची किंमत आपल्याला नेहमी जगापेक्षा अधिक वाटते. ॲलन क्रूगर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००१ च्या सुपर बोल या फुटबॉल सामन्याला आलेल्या प्रेक्षकांना विचारले होते, तेव्हा असे आढळले, की सुमारे चारशे डॉलरांत तिकीट मिळालेले बहुतेक लोक ते तीन हजार डॉलरांनाही विकावयास तयार नव्हते, आणि तेच लोक तीन हजार देऊन ते विकत घ्यावयासही तयार नव्हते! घेणारा आणि विकणारा या दोघांच्या मनांत जे अंतर असते, ते एकाच माणसाच्या मनातही असते. त्यामुळे विकावयास निघालेला मनुष्य सुरुवातच वरच्या पायरीवरून करतो, आणि गिऱ्हाईक खालच्या पायरीवर उभे असते.

दुसऱ्या बाजूने काळ आपले काम करीतच असतो. अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू स्वीटिंग यांनी अमेरिकेतील बेसबॉल सामन्यांच्या पुनर्विक्रीचा जो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात सामना जवळ येत जाईल तसतसे विक्रेते आपले दर चाळीस टक्के आणि त्याहूनही अधिक उतरवीत जातात, असे दिसून आले. कारण उघड आहे. शेवटच्या आठवड्यात ज्यांचे ज्यांचे जाणे रहित होते ते सारे एकदमच बाजारात उतरतात, आशेने साठवून ठेवणाऱ्यांचा धीर त्याच सुमारास सुटतो, पुष्कळदा आयोजकही राखून ठेवलेली आसने त्याच वेळी मोकळी करतो, आणि परगावचे गिऱ्हाईक, ज्याला गाडीचे आरक्षण आणि राहण्याची सोय आधी पाहावी लागते, ते तोवर आपला बेत सोडून बसलेले असते. म्हणून जाणे होणार नाही हे कळले त्याच दिवशी तिकीट मूळ किमतीला मांडावे. तारीख आठवड्यावर आली की दर थोडा उतरवावा, दोन दिवसांवर आली की पुष्कळ उतरवावा, आणि ‘निदान घातलेले पैसे तरी निघाले पाहिजेत’ हा हट्ट धरू नये. घातलेले पैसे गेलेलेच आहेत. हाती उरला आहे तो केवळ त्यांतला जितका वाचेल तितका भाग.

बारीकसारीक व्यवहारज्ञानही येथे उपयोगी पडते. जोडीने बसावयास मिळणारी दोन आसने लवकर खपतात, एकटे आसन रेंगाळते. तेव्हा तीन तिकिटे असतील तर दोन विकून एक मागे उरण्यापेक्षा तिन्हींचे एकत्र गिऱ्हाईक पाहणे बरे. एकच तिकीट दोन ठिकाणी मांडू नये, कारण दोन्हीकडे विकले गेले तर एकाला तोंडघशी पाडावे लागते, आणि मोठ्या पेढ्या त्याचा दंड विकणाऱ्याकडून वसूल करतात. रांग, आसनाचा क्रमांक, समोर खांब येत असेल तर तोही, आधीच सांगून टाकावा. आणि कार्यक्रम रद्द झाला किंवा पुढे ढकलला गेला तर आयोजक परतावा देतो तो मूळ खरेदीदाराच्या खात्यात, दुसऱ्या हाताने घेणाऱ्याच्या नव्हे, हे घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने व्यवहाराच्या वेळीच बोलून ठेवावे. कारण त्या एका न बोललेल्या गोष्टीपायी चांगल्या ओळखीही तुटलेल्या मी पाहिल्या आहेत.

इतके करूनही तिकीट न खपले तर? तर ते देऊन टाकावे, आणि शेवटच्या तासाला नव्हे, आदल्या दिवशी द्यावे, कारण घेणाऱ्यालाही कपडे बदलून, कामातून सुटून, गाडी गाठून यावे लागते. अमेरिकेत निवृत्त आणि सेवेतील सैनिकांना अशी तिकिटे मिळवून देणारी व्हेटटिक्स नावाची संस्थाच आहे. आपल्याकडे संस्था नसली तरी माणसे आहेत: शेजारचा गाणे शिकणारा मुलगा, वसतिगृहातील विद्यार्थी, आपल्या सोसायटीच्या दारावर बसून भ्रमणध्वनीवर तीच गाणी ऐकणारा पहारेकरी. माझ्या शेजाऱ्यांना ती दोन तिकिटे आदल्या संध्याकाळी अशी देता आली असती, आणि त्यांच्या मनाला लागलेली रुखरुख निराळ्याच समाधानात पालटली असती.

परंतु हा सारा भार एकेकट्या माणसाच्या शहाणपणावर आणि औदार्यावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. आयोजक तिकीट परत का घेत नाही, याची त्याच्या बाजूची कैफियतही ऐकली पाहिजे. मैदानाचे भाडे, ध्वनीची यंत्रणा, कलावंताचे मानधन हे सर्व त्याने आगाऊ मोजलेले असते. सर्वांना केव्हाही परत करण्याची मुभा दिली तर अर्धे लोक नुसते आसन अडवून ठेवतील आणि पावसाचे चिन्ह दिसताच परत करतील, ही त्याची भीती खोटी नाही. मात्र या भीतीवरचा उपाय परदेशातून आणावयाचे कारण नाही. तो आपल्या रेल्वेने कित्येक वर्षांपासून चालविलेला आहे. रेल्वेचे आरक्षित तिकीट आपण रद्द करतो तेव्हा जितका उशीर तितकी कपात अधिक, हा नियम असतो, आणि रिकामी झालेली जागा आरएसी असलेल्याकडे किंवा प्रतीक्षायादीतील पुढच्या माणसाकडे आपोआप जाते. परवानगीवाचून तिकिटांचा धंदा करणाऱ्यावर रेल्वे अधिनियम, १९८९ च्या १४३ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. रेल्वेतही दलाल आहेत, आणि ते पकडलेही जातात, हे मला ठाऊक आहे. तथापि गावी निघालेला माणूस ऐनवेळी आजारी पडला तर त्याला आपले तिकीट विकावयास फलाटावर उभे राहावे लागत नाही, आणि त्याची शायिका रिकामी धावत नाही. प्रतीक्षायादी ही कल्पना ज्या देशात पाचवीतल्या मुलालाही समजते, त्या देशात जलशाच्या तिकिटाला प्रतीक्षायादी का असू नये?

काही प्रमाणात याची सुरुवात झालीही आहे. झोमॅटोने सप्टेंबर २०२४ मध्ये, याच गदारोळाच्या दिवसांत, आपल्याकडून घेतलेले कार्यक्रमाचे तिकीट आपल्याच मंचावर पुन्हा विकण्याची सोय जाहीर केली, आणि तीत दुसऱ्याने तिकीट घेताच पहिले रद्द होऊन त्याच्या नावाचे नवे तयार होते, ही सर्वांत मोलाची तरतूद ठेवली. मात्र मूळ किमतीच्या दुप्पट दरापर्यंत विकण्याची मुभाही तीत होती, आणि ती मला खटकते. दुप्पट मिळणार असेल तर जाण्याची इच्छा नसलेला मनुष्यही रांगेत उभा राहील, आणि आमच्यासारख्या चार यंत्रांवर बसलेल्या घरांचा क्रमांक आणखी लाखाने मागे जाईल. आयर्लंडने २०२१ च्या कायद्याने मोठ्या कार्यक्रमांची तिकिटे मूळ किमतीहून अधिक दराने विकणे बेकायदा ठरविले. जपानने ऑलिंपिकच्या तोंडावर, जून २०१९ पासून, तशा धंद्यास कारावासाची शिक्षा ठेवली. इंग्लंडात फुटबॉलच्या तिकिटांच्या परवानगीवाचून होणाऱ्या पुनर्विक्रीला १९९४ पासून बंदी आहे, आणि संगीत-नाटकांची तिकिटेही मूळ किमतीहून अधिक दराने विकण्यास मनाई करण्याचा मनोदय तेथील सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला.

याविरुद्ध अर्थशास्त्राचा एक आक्षेप आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्याला अधिक हौस त्याने अधिक द्यावे, त्यामुळे आसन योग्य माणसाकडे जाते, असे हा पक्ष म्हणतो. आणि दलाल हा तोट्याची जोखीम स्वतःच्या शिरावर घेतो, हेही खरे आहे. फिलिप लेस्ली आणि ॲलन सोरेन्सन या दोघांनी २००४ च्या उन्हाळ्यातील छप्पन्न जलशांचा हिशेब मांडून पाहिला, तेव्हा पुनर्विक्रीमुळे आसने अधिक आस्था असलेल्यांकडे सरकतात हे त्यांनाही आढळले. पण पहिल्या विक्रीच्या वेळी तिकिटे बळकावण्याकरिता जी धडपड आणि खर्च होतो, त्यात त्या लाभाचा बराचसा भाग खर्ची पडतो, असेही दिसले. मला या हिशेबात आणखी एक गोष्ट मिळवावीशी वाटते. कलावंताने अडीच हजारांचे आसन ठेवले ते चुकून नव्हे. ज्याच्या खिशात अडीच हजारच आहेत त्यानेही आपले गाणे ऐकावे, ही त्याची इच्छा असते, आणि त्या इच्छेतला फरक मधल्यामध्ये खिशात घालण्याचा अधिकार तिसऱ्या इसमाला कुणी दिलेला नसतो. ज्याची हौस मोठी त्याचा खिसाही मोठा, हे समीकरण आमच्या पुतणीने तरी खोटे ठरविले आहे.

दादरच्या शिवाजी मंदिरासमोर काही वर्षांपूर्वी पाहिलेला एक प्रसंग या संदर्भात मला पुनःपुन्हा आठवतो. रविवारचा दुपारचा प्रयोग होता, ‘हाऊसफुल्ल’चा फलक बाहेर लागला होता, आणि पांढरा सदरा घातलेले, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेले एक वयस्क गृहस्थ पायरीजवळ उभे राहून, विकण्याची सवय नसलेल्या माणसाच्या संकोचाने, ‘एक तिकीट जास्तीचं आहे, कुणाला हवंय का?’ असे येणाऱ्याजाणाऱ्याला विचारीत होते. पत्नीचे गुडघे सकाळपासून दुखत होते, म्हणून ती येऊ शकली नव्हती. खिडकीवरून निराश होऊन परतणारा एक महाविद्यालयीन मुलगा थबकला.

“किती द्यायचे, काका?”

“त्याच्यावर लिहिलंय तेवढेच.”

मुलाने पाकीट उलटेपालटे केले, नोटा मोजल्या, मग सुटी नाणी मोजली. पन्नास रुपये कमी पडत होते. गृहस्थांनी न मोजताच पैसे घेतले, तिकीट त्याच्या हातावर ठेवले, आणि ‘चल, तिसरी घंटा होईल’ म्हणून त्याला पुढे घातले. आसने जोडीची असल्यामुळे ते दोघे शेजारी शेजारी, माझ्या पुढच्याच रांगेत बसले. मध्यंतरात तो मुलगा गर्दीतून वाट काढीत दोन बटाटेवडे घेऊन आला, तेव्हा त्यांनी एक खाल्ला, आणि दुसरा त्याला कळणार नाही अशा बेताने कागदात नीट गुंडाळून पिशवीत ठेवला.